होम थिएटर लावताना सगळ्यात जास्त वेळ सबवूफरच्या जागेला द्यावा

टीव्ही किती इंचांचा घ्यावा यावर लोक महिनोन्महिने काथ्याकूट करतात, पण तो प्रश्न मोजपट्टीने पाच मिनिटांत सुटतो. बसण्याच्या जागेपासून पडद्यापर्यंतचे अंतर इंचांत मोजून त्याला 1.6 ने भागले की आरामात पाहण्याजोगा कर्ण मिळतो. चित्रपटगृहासारखा भरलेला पडदा हवा असेल तर 1.2 ने भागावे. म्हणजे सव्वादोन मीटर अंतराला पहिल्या हिशेबाने 55 इंच येतात आणि दुसऱ्या हिशेबाने जवळपास 75. खोलीत दिवसा लख्ख उजेड असेल तर जास्त प्रकाशमान एलईडी पॅनेल घ्यावे. पडदे ओढून रात्रीच पाहणार असाल तर ओएलईडीच्या, म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतंत्रपणे विझू शकणाऱ्या पॅनेलच्या, काळ्या रंगाला तोड नाही. टीव्ही भिंतीवर उंच टांगू नये. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या आसपास असावा. पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी, कारण सेकंदाला 24 चौकटींनी चित्रित झालेला चित्रपट तिच्यामुळे मालिकेसारखा दिसू लागतो.

रोजच्या पाहण्याला स्ट्रीमिंग पुरते. मात्र आवडीचे मोजके चित्रपट 4के ब्लू-रे डिस्कवर जरूर घ्यावेत, कारण डिस्कवरची माहिती सेकंदाला 100 मेगाबिटच्याही पुढे जाऊ शकते आणि स्ट्रीमिंगला त्याचा लहानसा अंशच मिळतो. हा फरक चित्रापेक्षा आवाजात आधी जाणवतो. टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या यंत्राकडे, नेण्यासाठी ज्या एचडीएमआय सॉकेटवर ईएआरसी (eARC, टीव्हीतून आवाज बाहेर नेणारी सोय) लिहिले असेल तेच वापरावे. ऑप्टिकल वायरीतून डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे वरूनही आवाज आल्याचा भास देणारा ध्वनी, जात नाही, त्यामुळे तो खटाटोप करू नये.

साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायची स्पीकरची एकच लांब पट्टी, घेतला असेल तर जोडणी तिथेच संपते. पाच स्पीकर आणि एक सबवूफर (फक्त खर्ज, म्हणजे खोल आवाज वाजवणारा स्पीकर), म्हणजे 5.1 संच असेल, तर समोरचे दोन स्पीकर मधल्या रेषेपासून डावी-उजवीकडे 30 अंशांवर, बाजूचे दोन 110 अंशांच्या आसपास, म्हणजे कानांच्या जरा मागे, आणि मधला पडद्याखाली, तोंड कानाकडे वळवून ठेवावा. वायरीची लाल-काळी बाजू उलट होऊ देऊ नये. इथवर सोपे आहे.

आता सबवूफर. ‘कोपऱ्यात ढकला, आवाज दणदणीत येतो’ हा सल्ला मला दुकानात मिळाला, ओळखीच्यांनी दिला आणि मी तो इमानेइतबारे पाळला. सोफ्यावर बसलो की स्फोटाचा आवाज पुठ्ठ्याचे खोके आपटल्यासारखा यायचा आणि पाणी आणायला दारापर्यंत गेलो की तिथे मात्र छातीत धडधडायचे. मी आवाज वाढवला, वायर बदलली, शेवटी सबवूफरसुद्धा मोठा आणला. दारापाशी धडधड वाढली, सोफ्यावर काहीच बदलले नाही.

कारण यंत्रात नव्हते, खोलीत होते. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, त्यामुळे 34 हर्ट्‌झच्या खर्जाची एक लाट दहा मीटर लांब असते. माझी खोली पाच मीटर लांब, म्हणजे नेमकी त्या लाटेच्या निम्मी. अशा खोलीत तो स्वर दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी साचतो आणि मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. माझा सोफा मधोमध होता. अशा ठिकाणी आवाज वाढवून उपयोग नसतो, कारण भिंतींवरून परतणारी लाटही तितकीच वाढते आणि दोघी एकमेकींना तशाच पुसून टाकतात. भिंतीवर चिकटवायच्या पातळ फोमच्या चौकोनांचाही इथे उपयोग नाही. ते वरच्या पट्टीतला आवाज शोषतात, इतक्या लांब लाटांना त्यांचा अडथळाच होत नाही.

म्हणून आधी सोफा हलवावा. तो खोलीच्या मध्यावर नको आणि मागच्या भिंतीला टेकूनही नको, कारण तिथे खर्ज साचून गदगदतो. मागच्या भिंतीपासून लांबीच्या एक तृतीयांश अंतर ही सुरुवातीला चांगली जागा आहे. त्यानंतर सबवूफर उचलून चक्क सोफ्यावर, आपल्या बसण्याच्या जागी ठेवावा आणि पायरीपायरीने उतरणारा बास असलेला एखादा तुकडा पुन्हा पुन्हा वाजत ठेवावा. मग भिंतीच्या कडेने रांगत जावे, कान सबवूफरच्या उंचीवर ठेवून. हसू येईल, गुडघे धुळीने माखतील, पण ध्वनीचा मार्ग दोन्ही दिशांनी सारखाच असतो, त्यामुळे सोफ्यावरच्या सबवूफरचा आवाज जिथे चांगला ऐकू येतो, तिथे ठेवलेला सबवूफर सोफ्यावर तसाच ऐकू येणार. सगळ्यात मोठा आवाज येणारी जागा निवडू नये, ती निवडणे ही माझी दुसरी चूक होती. प्रत्येक स्वर सारख्या वजनाने आणि सुटा ऐकू येतो ती जागा खडूने खुणावी. सोफा मध्यावरून न हलवता मी एक अख्खा रविवार असाच रांगण्यात घालवला आहे. तो स्वर सोफ्यावरच उमटत नसेल तर खोलीभर कुठेच सापडत नाही.

सबवूफर खुणेवर ठेवल्यावर त्याचे क्रॉसओव्हरचे, म्हणजे कुठल्या स्वराखालचा आवाज सबवूफरने वाजवायचा ते ठरवणारे, बटण सगळ्यात मोठ्या आकड्यापर्यंत फिरवावे आणि ती विभागणी रिसीव्हरवर सोपवून तिथे 80 हर्ट्‌झ निवडावे. नंतर रिसीव्हरसोबत आलेल्या मायक्रोफोनने मोजमाप घ्यावे. तो सोफ्याच्या पाठीवर टेकवू नये. तिपाईवर, कानाच्या उंचीवर उभा करावा आणि पंखा बंद ठेवावा. मोजणीनंतर रिसीव्हर बऱ्याचदा समोरच्या स्पीकरांना ‘लार्ज’ ठरवून मोकळा होतो. ते हाताने ‘स्मॉल’ करावे, नाहीतर जो खर्ज सबवूफरकडे जायला हवा तो लहान स्पीकरांच्या गळ्यात पडतो. सबवूफरचे अंतर मात्र टेपने मोजलेल्यापेक्षा जास्त दाखवले तर ते बदलू नये. सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे होणारा उशीर रिसीव्हरने त्या आकड्यात धरलेला असतो. मी तो ‘दुरुस्त’ केला होता आणि ढोलाचा ठोका मागे पडू लागला होता.

शेवटी मोठ्या आवाजात एक चित्रपट लावून खोलीभर फिरावे. कुठेतरी काच किंवा फोटोची चौकट किणकिणतेच. तिच्यामागे रबराच्या दोन चकत्या चिकटवाव्यात.