नायिकेच्या गळ्याला बसेल अशी पट्टी

संगीतिकेतलं मुख्य गाणं सिनेमात नायिका स्वतःच गाणार होती. मूळ चाल नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकणाऱ्या गायिकेची. नायिकेचा गळा वरच्या सुरांवर ताणला जायचा. पट्टी 4 अर्धस्वर (लगतच्या दोन सुरांमधलं सर्वांत लहान अंतर म्हणजे एक अर्धस्वर) उतरवली तर शिखर, म्हणजे गाण्यातला सर्वांत वरचा सूर, सोपं झालं, पण सुरुवातीच्या ओळी पुटपुटल्यासारख्या! मग 2 च उतरवले, शेवटी पट्टी चढते तो भाग उडवला, आणि शिखराचा सूर त्याच कॉर्डमधल्या (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटातल्या) खालच्या सुरावर आणला. माइक तोंडाशी असताना जोर कशाला? व्हायोलिनची एक ओळ मात्र त्या वाद्याच्या सर्वांत खालच्या 'जी' सुराखाली गेली, ती व्हायोलाला, म्हणजे त्याच्या जरा मोठ्या, खालच्या सुरांच्या भावंडाला दिली. युगुलगीताने खरा पिच्छा पुरवला. तिच्या सोयीची पट्टी नायकाला पार खर्जात नेत होती. त्याच्या कडव्याआधी पट्टी बदलणारा छोटा वाद्यांचा तुकडा घातला.