नवं लेथ मशीन डीलरकडून नीट बसवून कसं घ्यावं

ठाण्याचं वागळे इस्टेट असो की नवी मुंबईतलं रबाळे-महापे, गाळ्यात नवं मशीन उतरलं की पुढचा प्रकार बहुधा ठरलेला. डीलरचा माणूस येतो, केबल जोडतो, चक (जॉब म्हणजे कापायचा तुकडा धरणारा भाग) फिरवून दाखवतो आणि ‘इन्स्टॉलेशन ओके’ छापलेल्या कागदावर सही मागतो. सही झाली की फोन उचलायची त्याला घाई राहत नाही. म्हणून जे करून घ्यायचं ते सहीच्या आधी.

सुरुवात पीओपासूनच (खरेदीची लेखी ऑर्डर) होते. किमतीचा किमान १० टक्के भाग चाचणी पास झाल्यावर मिळेल, असं त्यात लिहा. कर्जावर मशीन घेत असाल तर बँक पूर्ण रक्कम एकदम डीलरच्या खात्यात टाकू शकते. शेवटचा हप्ता रोखून ठेवायला बँकेला आधीच लेखी कळवा. वॉरंटीचं कलम बारकाईने वाचा. ‘चालू केल्यापासून १२ महिने किंवा डिस्पॅचपासून १५ महिने, जे आधी संपेल ते’ ही भाषा नेहमीची आहे. म्हणजे डीलरने बसवायला तीन महिन्यांपेक्षा जास्त लावले, तर तो जादा वेळ तुमच्या वॉरंटीतून कापला जातो. ‘चाचणी पास झाल्यापासून १२ महिने’ एवढंच ठेवा. चाचणी कोणत्या चार्टप्रमाणे, तेही नमूद करा. सेंटर लेथसाठी (साधं लेथ) आयएसओ १७०८ हे अचूकतेच्या चाचणीचं मानक आहे. ‘कंपनीच्या मानकानुसार’ हे शब्द मान्य करू नका, ते मोजता येत नाहीत.

मशीन येण्याआधी वाढीव भार महावितरणकडून मंजूर करून घ्या. अर्थिंगच्या दोन स्वतंत्र पट्ट्या मशीनच्या जागेपर्यंत आणून ठेवा; थ्री फेज मशीनच्या बॉडीला दोन वेगळी अर्थिंग लागतात आणि डीलर ती आणत नाही. नवं काँक्रीट घातलं असेल तर पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरतात. खाडीलगतच्या भरावाच्या जमिनीवर गाळा असेल तर फरशीवर भरवसा ठेवू नका, खाली जाड आरसीसी घ्या. वरच्या मजल्यावर गाळा असल्यास स्लॅबची क्षमता आणि मालाच्या लिफ्टचं वजन पीओच्या आधी बघायचं, हायड्रा क्रेन दारात उभी राहिल्यावर नाही.

खोका उघडण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. फुटलेलं, वाकलेलं काही दिसलं तर ड्रायव्हरच्या चलानवरच लिहा आणि त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा. उचलताना पट्टा पुढच्या बाजूच्या लांब दांड्यांवर, म्हणजे लीड स्क्रू किंवा फीड रॉडवर, येता कामा नये. बेडवरचं (मशीनचा लांब पाया) गंजरोधक ग्रीस रॉकेलने पुसून तेल लावल्याशिवाय सॅडल (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) हलवू देऊ नका. वाळलेल्या ग्रीसमध्ये धूळ अडकलेली असते, एकाच फेऱ्यात गाईडवेवर (सॅडल सरकतो त्या पट्ट्या) चरे पडतात. हेडस्टॉक (चक फिरवणारी गिअरची पेटी) पुष्कळदा तेलाविना रिकामाच पाठवतात, तेव्हा आधी साइट ग्लासमध्ये तेल दिसलं पाहिजे.

पॅनेल उघडून सगळे टर्मिनल स्क्रू एकदा आवळून घ्या. ट्रकच्या धक्क्यांनी ते सैल होतात आणि नंतर कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) जळाला की ‘तुमचं व्होल्टेज खराब’ असं ऐकावं लागतं. ४१५ व्होल्टच्या आसपास १० टक्के कमीजास्त चालतं. तिन्ही फेजचं रीडिंग लिहून ठेवा, तो पुढच्या वादातला पुरावा आहे. मोटर उलटी फिरली तर दोन फेज मेन इनकमरला (मुख्य केबल पॅनेलमध्ये येते तिथे) बदलायला लावा. फक्त स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) मोटरच्या वायरी बदलल्या, तर कूलंट पंप उलटाच फिरत राहतो.

आता लेव्हलिंग. सगळ्यात जास्त टाळाटाळ इथे होते. गवंड्याच्या लेव्हलने लेथ लेव्हल होत नाही, मीटरला ०.०२ मिलिमीटर दाखवणारी प्रिसिजन लेव्हल लागते. इंजिनिअरकडे ती नसेल तर त्याला परत पाठवा. लेव्हल १८० अंशांत फिरवून तेच रीडिंग येतं का, ते आधी पाहायचं. मग हेडस्टॉकच्या बाजूला आणि टेलस्टॉकच्या (समोरच्या टोकाला जॉबला आधार देणारा भाग) बाजूला, दोन्हीकडे बेडच्या आडवं मोजायचं. दोन रीडिंगमध्ये फरक असेल तर बेडला पीळ आहे. अँकर बोल्ट आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळतानाच पीळ पडतो.

पीळ खरंच गेला का, हे कापून पाहिल्याशिवाय कळत नाही. ५० मिलिमीटर व्यासाचा बार चकमध्ये धरा, ३०० मिलिमीटर बाहेर ठेवा, टेलस्टॉकचा आधार देऊ नका. दोन्ही टोकांना कॉलर (जाड कडी) ठेवून मधला भाग उतरवा. धारदार टूलने ०.१ मिलिमीटरचा शेवटचा कट एकाच सेटिंगवर दोन्ही कॉलरवर घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा. टेलस्टॉककडची कॉलर मोठी आली, तर त्या बाजूचा पुढचा पाय थोडा उचलावा लागतो. त्याने टूल मागे झुकून जॉबच्या जवळ जातं. लहान आली तर उलट. इंजिनिअर टेलस्टॉक सरकवून टेपर (दोन टोकांच्या व्यासातला फरक) ‘काढून’ देऊ पाहील, पण या चाचणीत टेलस्टॉकचा संबंधच नाही. स्पिंडल सरळ फिरतं का हे बघायला त्याच्या निमुळत्या भोकात टेस्ट मँड्रेल (तपासणीचा अचूक दांडा) बसवून नाकाजवळ आणि ३०० मिलिमीटरवर डायल (सूक्ष्म फरक दाखवणारं मापक) लावा. मँड्रेल काढून ९० अंशांनी फिरवून पुन्हा बसवा, असं चार वेळा मोजा आणि सरासरी धरा, नाहीतर मँड्रेलचीच चूक स्पिंडलच्या माथी पडते. महिन्याभराने आणि पावसाळ्यानंतर लेव्हल पुन्हा बघायची; ही फेरीसुद्धा पीओत घालता येते.

सीएनसी असेल तर पॅरामीटर (मशीनच्या कंट्रोलमधली सेटिंग्ज) बॅकअप, इलेक्ट्रिकल ड्रॉइंग आणि पासवर्ड त्याच दिवशी पेन ड्राइव्हवर घ्या. मेमरी बॅटरीवर टिकणाऱ्या कंट्रोलमध्ये मशीन महिनोन्महिने बंद राहून बॅटरी उतरली, तर पॅरामीटर पुसले जातात आणि ते परत भरायचे डीलर पैसे घेतो.

काही जमलं नसेल तर सर्व्हिस रिपोर्टवर सही नाकारू नका. स्वतःच्या अक्षरात रीडिंग लिहा, ‘चाचणी बाकी, मशीन स्वीकारलेलं नाही’ असं नमूद करा, मग सही करा आणि फोटो ठेवा. त्याच दिवशी डीलरला ईमेल, उत्पादक कंपनीला सीसी. सिरीयल नंबर, डायलचा फोटो, उत्तरासाठी सात दिवस. व्हॉट्सअॅपवरच्या ‘उद्या माणूस पाठवतो’वर थांबू नका. पुरवठादार लघुउद्योग म्हणून नोंदलेला उत्पादक असेल, तर डिलिव्हरीपासून १५ दिवसांत लेखी हरकत घ्या. मग पैसे देण्याची ४५ दिवसांपर्यंतची कायदेशीर मुदत हरकत दूर झाल्यापासून मोजली जाते. १९३० च्या माल विक्री कायद्यानुसार वाजवी वेळेत नकार न कळवता माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं धरतात. म्हणून वाद चालू असताना त्या मशीनवर ऑर्डरचा माल काढायला घेऊ नका.

ग्राहक आयोगात व्यावसायिक खरेदी बसत नाही. मात्र स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी मशीन घेतलं असेल तर बसते, आणि दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत करता येते. तिथे पहिल्यांदा तो सर्व्हिस रिपोर्टच मागतात.