मोठी सेडान घेताय? सुरुवात पार्किंगपासून करा

शोरूममध्ये सेडानचं नाव काढलं की समोरचा मुलगा हमखास म्हणतो, "सर, याच बजेटमध्ये एसयूव्ही बसेल." बसेलही. पण घरात पाच माणसं असतील, वर्षातून दोन-तीनदा कोल्हापूर-सांगली किंवा कोकण होत असेल आणि सामान मागच्या प्रवाशांच्या डोक्यामागे नको असेल, तर सेडानसारखं सुख नाही. त्यात जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत आला. ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्यावर १२०च्या वेगाला बुटकी, लांब गाडी किती शांत चालते ते मागे बसलेल्याला विचारा.

पण ठाणे-नवी मुंबईत गाडी निवडायचा क्रम वेगळा ठेवावा लागतो. रंग, सनरूफ, स्क्रीनचा आकार हे सगळं शेवटी.

पहिली पायरी: टेप घेऊन खाली उतरा

आपल्याकडे मोठी सेडान म्हटलं की सिटी, व्हर्ना, स्लाविया, व्हर्टस डोळ्यांसमोर येतात. या सगळ्या साडेचार मीटरच्या आसपास आहेत. खरी मोठी म्हणजे कॅमरी (४.९२ मीटर) किंवा सुपर्ब (४.८७ मीटर). कागदावर फरक फुटभराचा दिसतो, पण घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये खांबांच्या मधे गाडी लावताना तो फुटच नडतो.

तुमच्या सोसायटीत स्टॅक पार्किंग (गाड्या एकावर एक लावणारं यंत्र) असेल तर यंत्रावर लावलेली पाटी वाचा. त्यावर गाडीची कमाल लांबी, उंची आणि वजन दिलेलं असतं. पाटी सापडत नसेल तर सेक्रेटरीकडून लेखी घ्या, वॉचमनच्या "होईल साहेब" वर जाऊ नका. पोडियमचा, म्हणजे वरच्या पार्किंग मजल्याचा, चढ संपतो तिथे लांब व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेल्या) गाडीचं पोट घासतं, म्हणून टेस्ट ड्राइव्हची गाडी एकदा स्वतःच्या बिल्डिंगमध्ये आणायला लावा. शोरूमवाले कुरकुरतात, पण आणतात. नवी मुंबईत सिडकोच्या जुन्या वसाहतींत अडचण वेगळी आहे. वाशी-नेरूळच्या आतल्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असतात, तिथे लांबीपेक्षा वळण घेण्याची जागा महत्त्वाची ठरते.

इथे गणित बसत नसेल तर कॅमरीचा विषय सोडून द्या. रोज दुसऱ्याला फोन करून "जरा गाडी काढता का" म्हणण्यात कसली चैन?

दुसरी पायरी: मागची सीट घरच्यांनी पास करायची

चालवणाऱ्याने गाडी निवडली की ती चालवणाऱ्याच्याच सोयीची निघते. आई-वडिलांना, शक्य असेल तर आजीला घेऊन शोरूममध्ये जा. सेडानची सीट खाली असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसणं सोपं जातं, उठणं जड जातं. दोनदा बसवा, दोनदा उठवा. आजी दाराला धरून उठत असतील तर तुमचा तो सेल्समन एसयूव्हीबद्दल बरोबर बोलत होता, हे मान्य करून टाका.

मग तिघांना मागे एकत्र बसवा. मधल्या माणसाच्या पायाखाली उंचवटा किती येतो, त्याच्या डोक्यामागे हेडरेस्ट आहे का, पट्टा कमरेपुरता आहे की खांद्यावरून येणारा तीन बिंदूंचा, हे बघा. मधे बहुतेक घरातलं मूलच बसतं, म्हणून हे जास्त बारकाईने बघायचं. सुरक्षेच्या चाचणीत स्लाविया, व्हर्टस आणि व्हर्ना या तिघींनाही २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले आहेत. पण पट्टा लावलाच नाही तर ताऱ्यांचा उपयोग नाही.

डिकीचे लिटर बघताना जरा सावध राहा. या वर्गातल्या गाड्यांची डिकी ५०० लिटरच्या पुढे असते. सिटीची साधी पेट्रोल गाडी ५०६ लिटर देते, पण तिच्या हायब्रिड भावंडात बॅटरी बसवल्याने ३०६ उरतात. अ‍ॅव्हरेज भरपूर मिळतं, पण गणपतीला गावाला जाताना बॅगा मांडीवर येतात.

तिसरी पायरी: नवी की वापरलेली

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के, त्याहून लांब गाड्यांवर ४० टक्के. दीड लिटर इंजिनच्या सेडानवर आधी सेस धरून ४५ टक्के लागायचे, म्हणजे तीही उतरली, पण डिझायरसारखी चार मीटरच्या आतली गाडी त्याहून जास्त उतरली. वापरलेली घेणाऱ्याने यातून एवढंच घ्यायचं: विकणारा "मला त्या वेळी इतक्याला पडली" म्हणाला तर ऐकून घ्या आणि हिशोब आजच्या शोरूम किमतीवरून मांडा.

विमा कंपन्या गाडीची किंमत ठरवताना वयानुसार घट धरतात: एक वर्षापर्यंत १५ टक्के, दोनपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. हे बाजारभाव नव्हेत, पण बोलणी सुरू करायला पट्टी म्हणून उत्तम. आज १५ लाखांची असलेली गाडी साडेतीन वर्षांची असेल तर पट्टी ९ लाख दाखवते. सिटीसारखी मागणी असलेली गाडी याच्या वर जाते, मोठ्या युरोपियन गाड्या बऱ्याच खाली येतात.

नव्या गाडीला महाराष्ट्रात रोड टॅक्स जड आहे. पेट्रोल गाडी १० ते २० लाखांची असेल तर १२ टक्के, म्हणजे १५ लाखांवर १ लाख ८० हजारांच्या आसपास. कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. १० लाखांच्या वर गाडी गेली की १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळी घेतलेला आगाऊ आयकर, हाही कापतात, पण तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता होतो. सीएला सांगायला विसरू नका. महाराष्ट्रातच नोंदलेली गाडी घेतली तर टॅक्स आधीच भरलेला असतो.

माझं मत विचाराल तर साडेचार मीटरची सेडान नवी घ्या किंवा तीन-चार वर्षांची पहिल्या मालकाकडून. पाच मीटरच्या जवळ जाणारी मात्र वापरलेलीच परवडते, कारण नवी कॅमरी घ्यायला अर्ध्या कोटीच्या आसपास जावं लागतं. शिवाय आपल्याकडची यादी आटत चालली आहे. अ‍ॅकॉर्ड, सिव्हिक आणि कोरोला अल्टिस २०२० मध्ये गेल्या, ऑक्टाव्हिया २०२३ मध्ये, सियाझ २०२५ मध्ये. बंद झालेली गाडी घेऊच नये असं नाही, पण टोकन देण्याआधी हेडलाइट, बंपर आणि विंडशील्डचा भाव आणि मिळायला लागणारा वेळ सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा. एका उत्तरात पुष्कळ कळतं.

चौथी पायरी: गिअरबॉक्स आपल्या ट्रॅफिकला साजेसा

माजिवडा ते कासारवडवली संध्याकाळी सातला चालवून बघा, मॅन्युअल घ्यायची हौस फिटते. ऑटोमॅटिकमध्येही प्रकार आहेत. सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टर रेंगाळणाऱ्या गर्दीत मऊ चालतात. दोन क्लचवाला गिअरबॉक्स मोकळ्या रस्त्यावर मजा आणतो, पण इंच इंच सरकण्यात त्याचा क्लच तापतो. व्हर्ना टर्बो आणि दीड लिटरची स्लाविया-व्हर्टस यांत तो असतो. एक लिटरच्या स्लाविया-व्हर्टसला टॉर्क कन्व्हर्टर मिळतो.

जुनी सुपर्ब बघत असाल तर हे नीट लक्षात ठेवा: १.८ पेट्रोलला सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी (स्कोडाचा दोन क्लचवाला गिअरबॉक्स) होता, डिझेलला सहा गिअरचा, तेलात बुडालेल्या क्लचचा. मेकॅनिक लोक कोरड्याचं नाव काढलं की आधी हसतात आणि मग खर्च सांगतात. त्याची मेकाट्रॉनिक (गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक भाग) बदलल्याचं बिल असेल तर ती चांगली बातमी समजा.

डिझेलचा मोह ठेवू नका. या वर्गात नवी डिझेल उरलेली नाही, आणि बीएस-६ डिझेलमधला काजळी पकडणारा फिल्टर घर ते स्टेशन अशा छोट्या फेऱ्यांनी तुंबतो.

पाचवी पायरी: वापरलेली गाडी तपासणं

इथे घाई केली की सगळं वाया. गाडी सकाळी, इंजिन गार असताना बघायची. विकणाऱ्याला आधीच सांगा, "चालू करून ठेवू नका." तरी बॉनेट गरम लागलं तर का ते विचारा.

आपल्या भागात सगळ्यात मोठी भीती पाण्याची. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीला टेकलेला आहे, म्हणून तर सिडकोने पावसाचं पाणी साठवणारे धारण तलाव बांधले. ठाण्यात वंदना सिनेमाजवळ जोराचा पाऊस झाला की काय होतं ते रहिवाशांना माहीत आहे. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीकडे पाणी चढलं तेव्हा रेल्वेगाडीही अडकली होती. अशा पाण्यातून निघालेली गाडी वरून पॉलिश होऊन बाजारात येते, पण आतली ओल लपत नाही. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला चिखलाची रेघ दिसते. सीटच्या रुळांवर गंज शोधा. डिकीतली स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा. कार्पेट उचला, वास घ्या. काचा बंद करून एसी लावल्यावर कुबट वास आला किंवा भरमसाट परफ्यूम मारलेला असला, तर चहा पिऊन परत या.

अपघाताचा माग बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टवर दिसतो. पान्याच्या खुणा, उडालेला रंग असेल तर तो भाग उघडलेला आहे. सगळ्या काचांवरची वर्षं सारखी हवीत. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. मीटरवर तीस हजार किलोमीटर आणि टायरचा दुसरा संच, तर मीटर मागे फिरवल्याचा संशय घ्यायला जागा आहे. इग्निशन दिल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून विझला पाहिजे. अजिबात पेटलाच नाही तर कोणीतरी तो बंद करून ठेवलाय.

एवढं झाल्यावर ज्या कंपनीची गाडी आहे तिच्या सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवा. पैसे लागतात, ते द्या. मालक "आमच्या ओळखीच्या मेकॅनिकला दाखवू" म्हणत असेल तर तुम्ही आपला न्या.

टेस्ट ड्राइव्ह पाम बीच रोडवर नको. तिथे सगळ्याच गाड्या छान चालतात. पाच माणसं भरा आणि घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर, खड्ड्यांतून, स्पीडब्रेकरवरून न्या. खालून ठोका ऐकू येतो का, स्टिअरिंग एका बाजूला ओढतं का, चढावर थांबून निघताना गाडी थरथरते का. एकही गाणं न लावता.

सहावी पायरी: कागद

एमएच-०४ ठाण्याची, एमएच-४३ नवी मुंबईची, एमएच-०५ कल्याणची, एमएच-४६ पनवेलची. राज्यातल्या राज्यात गाडी घेतली तर नंबर तोच राहतो. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, कारण तिथे १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले. पण तिला तिकडची एनओसी, इथे पुन्हा टॅक्स आणि नवा नंबर लागतो. तिकडे भरलेल्या टॅक्सच्या परताव्यासाठी तिथल्या आरटीओचे उंबरठे झिजवायला तयार असाल तरच जा.

एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून मालक कितवा, विमा कधीपर्यंत आणि कर्जाचा बोजा आहे का ते बघा. कर्ज फिटलेलं असलं तरी आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका. वाहतूक पोलिसांचे ई-चलन शून्य करून घ्या. एप्रिल २०१९च्या आधीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे का ते तपासा.

मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या व्यवहाराच्या दिवशीच घ्या. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि विमाही तेवढ्याच मुदतीत तुमच्या नावावर करायचा असतो. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचा. विमा घेताना इंजिन प्रोटेक्टचं कलम जरूर टाका. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायच्या नादात इंजिनचे रॉड वाकतात आणि साधा विमा त्याचे पैसे देत नाही.

नवी घेणाऱ्यांसाठी थोडंसंच

रजिस्ट्रेशनच्या आधी यार्डात जाऊन गाडी बघा. एकदा तुमच्या नावावर चढली की ओरखडा तुमचा. चॅसिस नंबरवरून बनावटीचं वर्ष जुळवा, गेल्या वर्षीची गाडी असेल तर सूट मागा. पाडव्याला किंवा दसऱ्याला गाडी हवी असेल तर ही तपासणी चार-पाच दिवस आधीच उरका, मुहूर्ताच्या सकाळी शोरूममध्ये पेढे आणि हार यांच्यात टायरचा हवादाबसुद्धा कोणी बघत नाही. बिलात "हँडलिंग" नावाची ओळ दिसली तर काढायला सांगा. विमा शोरूमकडूनच घेतला पाहिजे असंही काही नसतं, बाहेरचं कोटेशन खिशात ठेवून बोलायला बसा.

वापरलेल्या गाडीचा ताबा घेतलात तर त्याच दिवशी जुन्या मालकाला त्याचा फास्टॅग बंद करायला सांगा आणि तुमचा नवा लावा. नाहीतर तुम्ही पुण्याला जाल आणि टोल त्याच्या खात्यातून कटत राहील.