‘इथे काही होत नाही’ की ‘इथे फिरायची सोय नाही’? एखाद्या भागाची सुरक्षितता तपासायची कशी

एकाच गल्लीतला एक जण सांगतो, ‘रात्री बारालाही बिनधास्त फिरा.’ त्याच गल्लीतली बाई म्हणते, ‘आठनंतर मी त्या रस्त्याने पाऊल टाकत नाही.’ यात खोटं कोणीच बोलत नसतं. तो गाडीने घराच्या दारापर्यंत येतो, ती बसथांब्यापासून चालत येते. दोघांचा पत्ता एक असला तरी त्यांच्या वाट्याला आलेलं शहर वेगळं आहे. म्हणून ‘खरं कोणाचं?’ हा वाद बाजूला ठेवा आणि दोघांची मतं जुळत का नाहीत ते मोजा. पाच-सहा जणांचा गट असेल तर पुढचं सगळं काम दीड-दोन महिन्यांत उरकतं.

आधी प्रश्न फोडा

‘हा भाग सुरक्षित आहे का?’ या प्रश्नाला उत्तर नाही. कागदावर तीन रकाने आखा: काय, कोणाला, केव्हा. घरफोडी, पाकीटमारी, वाहनचोरी, मारामारी, छेडछाड, पाठलाग हे वेगवेगळे विषय आहेत आणि त्यांच्या वेळाही वेगळ्या. घरफोडी बरेचदा घर रिकामं असताना, म्हणजे भरदिवसाही होते, तर पाकीटमारीला गर्दी लागते. मारामाऱ्या सुट्टीच्या आदल्या रात्री वाढतात. भागाची हद्दही आत्ताच नकाशावर ठरवून टाका. ती नंतर सरकवली की आकडेही हवे तसे सरकवता येतात.

आकडे वाचताना

पोलिसांकडची नोंद म्हणजे झालेले गुन्हे नव्हेत, सांगितले गेलेले आणि लिहून घेतलेले गुन्हे. हा फरक किती मोठा असतो ते कळावं म्हणून काही देश थेट घराघरांत जाऊन ‘तुमच्या बाबतीत काय घडलं?’ असं विचारतात. अमेरिकेत असं सर्वेक्षण १९७३पासून चालू आहे, इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८२पासून. अमेरिकेतल्या सर्वेक्षणात वर्षानुवर्षं दिसतं की हिंसक गुन्ह्यांपैकी साधारण निम्मेच पोलिसांपर्यंत पोहोचतात आणि मालमत्तेच्या गुन्ह्यांपैकी जेमतेम एक तृतीयांशाच्या आसपास.

त्यामुळे कोणत्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा हे गुन्ह्याच्या प्रकारावरून ठरवा. खून लपत नाही, म्हणून दोन शहरांची तुलना करायची तर तोच आकडा घ्यावा. वाहनचोरीचाही बरा असतो, कारण विम्याचे पैसे हवे असतील तर तक्रार करावीच लागते. छेडछाड आणि घरगुती हिंसा यांचे आकडे मात्र उलटे वाचावे लागतात. तक्रारी वाढल्या याचा अर्थ बरेचदा लोक पुढे येऊ लागले असा असतो, आणि ‘एकही तक्रार नाही’ ही आनंदाची बातमी असेलच असं नाही.

मोजण्याचे नियमही देशागणिक वेगळे. भारतात देशभरातल्या गुन्ह्यांचे आकडे गोळा करणाऱ्या एनसीआरबी या सरकारी संस्थेच्या पद्धतीत एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तर त्यातला सर्वांत गंभीर तेवढाच मोजला जातो. स्वीडनमध्ये एकाच व्यक्तीवर वारंवार लैंगिक अत्याचार झाला तर प्रत्येक वेळ स्वतंत्र धरली जाते. हे न बघता देशांची क्रमवारी लावणारे तक्ते फिरत असतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष करावं.

आता भागाकार. समजा एका निवासी भागात १२,००० लोक राहतात आणि वर्षात ३६ चोऱ्या झाल्या: हजारी ३. शेजारच्या बाजारपेठेत राहणारे २,००० आणि चोऱ्या ६०: हजारी ३०. म्हणजे बाजारपेठ दहापट धोक्याची? नाही. तिथे रोज ४०,००० माणसं येऊन जात असतील तर छेद २,०००चा धरणंच चूक. स्टेशन, बाजार, रुग्णालय, स्टेडियम यांच्या आसपासच्या भागांना ‘गुन्हेगारी वस्ती’ हा शिक्का पुष्कळदा या भागाकारातूनच लागतो.

लहान आकड्यांची टक्केवारी काढू नका. घरफोड्या दोनच्या चार झाल्या की ‘शंभर टक्के वाढ’ असा मथळा होतो. निदान तीन ते पाच वर्षांचे आकडे घ्या आणि एका महिन्याची तुलना आधीच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा.

शहराची, प्रभागाची सरासरी इथे फारशी कामाची नाही. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराचा १९८९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे: पोलिसांना आलेल्या निम्म्या फोनमागे शहरातले सुमारे ३ टक्के पत्ते होते. नंतर इतर शहरांतही असाच प्रकार आढळला. बदनाम भागातल्याही बहुतेक गल्ल्या शांत असतात आणि नावाजलेल्या भागात एखादा कोपरा वाईट निघतो. म्हणून गल्लीच्या पातळीवर उतरा. फक्त नकाशावरच्या टाचण्या जपून वाचा. ज्या तक्रारीत नेमका पत्ता नसतो तिची टाचणी बरेचदा पोलीस ठाण्यावर किंवा त्या भागाच्या मध्यबिंदूवर पडते, आणि जिथे काहीच घडलेलं नाही तिथे लालभडक ठिपका तयार होतो. ठाण्याच्या दारातच सर्वांत जास्त गुन्हे दिसले तर कारण हेच समजा.

लोकांना विचारताना

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. सभेत हात वर करायला लावले की मोठ्या आवाजाच्या माणसांचं मत कळतं, आणि ऑनलाइन फॉर्म फिरवला की आधीच रागावलेल्यांचं. दारोदार जा. गल्लीतलं दर पाचवं किंवा दहावं दार घ्या. दार बंद असेल तर शेजारचं धरू नका, वेगळ्या वेळी परत या. दिवसभर बाहेर असणारी माणसंच अशी निसटतात आणि रात्री रस्त्यावर तीच असतात. घरात जो भेटेल त्यालाही विचारू नका. प्रौढांपैकी ज्याचा वाढदिवस सर्वांत आधी येणार आहे त्याला गाठा. १०० जणांना विचारलंत तर टक्केवारी साधारण १० अंकांनी इकडेतिकडे होऊ शकते, ४००ना विचारलंत तर ५ अंकांनी. म्हणजे १०० जणांच्या पाहणीत ५२ आणि ५७ यांत फरक आहे असं म्हणू नये.

‘भीती वाटते का, हो की नाही’ असं विचारू नका. तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा. पहिली काळजी: ‘गेल्या महिन्यात किती वेळा असं झालं की या रस्त्यावर तुम्हाला काळजी वाटली?’ दुसरी अंदाज: ‘येत्या वर्षात तुमच्या घरी चोरी होण्याची शक्यता किती वाटते?’ आणि तिसरी वागणूक: ‘या भीतीपायी तुम्ही काय करायचं टाळता?’ हा तिसरा प्रश्न सोनं आहे. ‘मला भीतीबिती वाटत नाही’ म्हणणारा माणूस पुढच्याच वाक्यात सांगतो की मुलीला क्लासवरून आणायला तो स्वतः जातो.

अंधार पडल्यावर एकट्याने चालताना किती सुरक्षित वाटतं, हा जगभर वापरला जाणारा प्रश्न आहे. चार पर्याय द्या: अगदी सुरक्षित, बऱ्यापैकी, फारसं नाही, अजिबात नाही. पाचवा वेगळा ठेवा: ‘अंधार पडल्यावर एकटं बाहेर पडतच नाही.’ तो नसेल तर न जाणाऱ्यांची कल्पना आणि जाणाऱ्यांचा अनुभव एका बेरजेत मिसळतात.

क्रमही सांभाळा: भावना आधी, अनुभव नंतर. दहा मिनिटं चोऱ्यामाऱ्यांबद्दल बोलल्यावर ‘सुरक्षित वाटतं का?’ विचारलंत तर उत्तर काळवंडलेलंच येणार. अनुभव विचारताना लोक तीन वर्षांपूर्वीची घटनाही गेल्या वर्षात ओढून आणतात. म्हणून आधी ‘आजवर कधी?’, मग ‘गेल्या बारा महिन्यांत?’, मग ‘कोणत्या महिन्यात?’ असे उतरा. बायकांशी बाईनेच बोलावं आणि घरातले इतर समोर नसावेत. घरातल्या हिंसेबद्दल अशा पाहणीत मुळीच विचारू नका. त्यासाठी प्रशिक्षित माणसं लागतात, नाहीतर तुम्ही निघून गेल्यावर त्या बाईलाच त्रास होतो. मग अहवालात मात्र स्पष्ट लिहा की हा गुन्हा या पाहणीत धरलेला नाही. रस्त्यांच्या सुरक्षिततेवर कितीही चर्चा झाली तरी अनेकींसाठी सर्वांत धोक्याची जागा घरच असते.

उत्तरं हाती आली की एक विसंगती दिसण्याची शक्यता मोठी आहे. रस्त्यावरच्या हिंसेत सर्वाधिक सापडतात तरुण पुरुष, आणि जास्त भीती सांगतात बायका आणि वयस्कर माणसं. याला ‘उगाचची भीती’ म्हणायची घाई नको. पडल्यावर हाड मोडणाऱ्या माणसासाठी धक्का देऊन पर्स खेचणं किरकोळ नसतं. रोजचे शेरे आणि पाठलाग कोणत्याच नोंदीत येत नाहीत, पण येणारा दिवस कसा जाईल ते ठरवतात. शिवाय ज्या बोळात कोणी जातच नाही तिथे गुन्हा घडणार कोणाच्या बाबतीत? कमी आकडा हा कधीकधी भीतीचाच परिणाम असतो.

पायी फेरी

स्त्रियांनी चालत जाऊन जागा तपासण्याची पद्धत टोरांटोमध्ये १९८९ साली मेट्रॅक या संस्थेने आखली आणि ती पुढे अनेक देशांत पोहोचली. तिचा साधा अवतार असा. चार ते सहा जण घ्या, त्यात एखादी वयस्कर व्यक्ती आणि शक्यतो चालायला त्रास असलेली एक व्यक्ती असू द्या. रस्ता एक किलोमीटरपेक्षा लांब नको, एवढ्यालाही तास-दीड तास जातो. एकदा दिवसा आणि एकदा सूर्यास्तानंतर तासाभराने, त्याच दिशेने चाला. गणवेशातला पोलीस किंवा वीस जणांचा घोळका बरोबर असेल तर फेरी वाया गेली समजा, कारण जागेचं रूपच बदलतं.

दिव्यांचे खांब मोजून थांबू नका. खांबावरचा दिवा चालू असतो, कागदोपत्री ‘चालू’ अशी नोंद असते, आणि झाडाच्या फांद्या त्याच्या खाली आल्यामुळे पदपथावर मिट्ट काळोख असतो. तिथे नवा खांब नको, छाटणी हवी. सोपी चाचणी: एकाने चार मीटरवर, म्हणजे पाच-सहा पावलांवर उभं राहायचं. चेहरा ओळखू येतो का? येत नसेल तर तिथे उजेड कमी आहे किंवा डोळ्यांवर येणारा आहे. एकच प्रखर दिवा लावला की त्याच्या पलीकडचं काहीच दिसत नाही, त्यापेक्षा मध्यम पण सलग उजेड बरा. फोनमधल्या उजेड मोजणाऱ्या ॲपवर विसंबू नका, दोन फोन दोन आकडे दाखवतात.

उजेडाइतकंच दृष्टी किती लांब पोहोचते हे महत्त्वाचं. कंबरेहून उंच झुडपं, डोक्याच्या उंचीखाली आलेल्या फांद्या, सलग उभ्या गाड्या, आंधळं वळण. प्रत्येक पन्नास पावलांवर थांबून दोन प्रश्न: कोणी हाक मारली तर ऐकू जाईल अशी खिडकी किंवा उघडं दुकान कुठे आहे? आणि इथून निघायला दुसरी वाट आहे का? लांबलचक कुंपणभिंत दोन्ही प्रश्नांत नापास होते. फोटो काढा, पण लोकांचे चेहरे टाळा.

अफवा वेगळ्या काढा

गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या पाहण्यांत १९९०च्या दशकापासून अमेरिकनांचं बहुमत जवळपास दरवर्षी सांगत आलं की देशात गुन्हे वाढले, आणि त्यातली अनेक वर्षं आकडे उतरत होते. स्वतःच्या भागाबद्दल असं म्हणणारे मात्र कमी असायचे. डोळ्यांनी पाहिलेलं आणि बातमीतून आलेलं यातलं हे अंतर. तुमच्या भागातल्या मेसेजचीही महिनाभर वही ठेवा: तारीख, जागा, सांगणाऱ्याने स्वतः पाहिलं का, आणि ही घटना वहीत आधीच आहे का. एकाच साखळीचोरीचे पाच मेसेज पाच चोऱ्या वाटतात. जुना व्हिडिओ नव्या गावाच्या नावाने फिरतो. त्यातलं एक दृश्य थांबवून इंटरनेटवरच्या चित्रशोधात (शब्दाऐवजी चित्र देऊन शोधण्याच्या सोयीत) टाकलं की बरेचदा मूळ तारीख सापडते.

एका नकाशावर

नोंदलेल्या घटनांना लाल टिकल्या, लोकांनी दाखवलेल्या भीतीच्या जागांना निळ्या. दोन्ही एकत्र आल्या तर काम उघड आहे: नेमके तास शोधा आणि त्या तासांत गस्त, उजेड, वर्दळ वाढवा.

नुसती निळी असेल तिथे घाईने ‘गैरसमज’ लिहू नका. आधी बघा, लोक ती जागा टाळतात का, तक्रारी दडतात का, एखादी जुनी गाजलेली घटना अजून सांगितली जाते का, बंद दिवे आणि बेवारस गाड्या यांनीच मन बिथरतं का. मग एक अवघड प्रश्न: भीती कशाची? ‘तिथे कसली पोरं उभी असतात’ या उत्तरावर ‘ती काय करताना दिसली?’ असं विचारा. ‘वाट अडवली, मागे आली’ हे वर्तन आहे, त्यावर उपाय होतो. ‘ती आपल्यातली नाहीत’ हा पूर्वग्रह आहे. तो सुरक्षिततेच्या अहवालात घातलात तर उद्या कारवाई निर्दोष माणसांवर होईल.

नुसती लाल टिकली म्हणजे बहुधा बाजार, वाहनतळ, बसस्थानक. तिथे कोणी घाबरत नाही आणि म्हणूनच पाकिटं जातात. अशा जागी साधी नेमकी सूचना चालते: ‘या तळावर दुपारी गाड्यांच्या काचा फुटतात, बॅग सीटवर ठेवू नका.’

घाबरलेल्या माणसाच्या तोंडावर टक्केवारी फेकून काही साधत नाही. अमेरिकेतल्या न्यूअर्कमध्ये १९७०च्या दशकाच्या अखेरीस पायी गस्तीचा प्रयोग झाला. गुन्ह्यांच्या आकड्यांत ठळक फरक पडला नाही, पण रहिवाशांना अधिक सुरक्षित वाटू लागलं. म्हणून उपाय सुचवताना तो भीतीवर आहे की गुन्ह्यावर, हे कागदावर लिहून ठेवा. नाहीतर सहा महिन्यांनी एकाचं यश दुसऱ्याच्या नावावर खपवलं जातं.

मोजणी परत करताना तोच महिना, त्याच वेळा, प्रश्नांचे तेच शब्द ठेवा, आणि जिथे काहीच बदललेलं नाही असा एक शेजारचा भागही मोजा. सर्वांत वाईट कोपरा निवडला असेल तर पुढच्या वर्षी तो आपोआपही थोडा सुधारलेला दिसतो, कारण वाईट वर्षानंतर आकडे सरासरीकडे परततात. गुन्हे फक्त पुढच्या गल्लीत सरकले का, हेही त्याच वेळी तपासा. बहुतेक अभ्यासांत ते पूर्ण सरकत नाहीत, उलट लगतच्या गल्ल्यांनाही थोडा फायदा होतो. पण तुमच्या ठिकाणी काय झालं हे लगतच्या दोन-तीन गल्ल्यांतल्या लाल टिकल्या आधीपासून मोजून ठेवल्या असतील तरच सांगता येईल.