प्रोलॉगचा नियम अडकला? आधी गोलचा क्रम बघा
प्रोलॉग या लॉजिक प्रोग्रामिंग भाषेत पूर्वज शोधायचा नियम लिहिला, उत्तरं बरोबर आली आणि मग स्टॅक (चालू कॉल लक्षात ठेवायची मेमरी) संपल्याचा एरर आला, तर लॉजिक चुकलंय असं धरून सगळं खोडू नका. प्रोलॉग क्लॉज (लिहिलेले नियम आणि तथ्यं) वरून खाली आणि गोल (नियमातल्या एकेक अटी) डावीकडून उजवीकडे चालवतं, त्यामुळे नियमात आधी 'पूर्वज' आणि मग 'पालक' लिहिलं की उत्तरं संपली तरी ते स्वतःलाच हाका मारत खोल खोल जात राहतं. पालक पुढे आणा, पूर्वज शेवटी, बस्स. हां, डेटातच चक्र असेल तर एवढ्याने भागत नाही, तिथे एसडब्ल्यूआय प्रोलॉग या प्रोलॉग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं टेबलिंग (मिळालेली उत्तरं साठवून पुन्हा वापरणं) लावा. न संपण्याचा असाच घोळ हॅस्केल या दुसऱ्या भाषेतही होतो: ती लेझी आहे, म्हणजे लागेल तेवढंच काढते, म्हणून १ पासूनच्या अनंत लिस्टमधले पहिले ५ आरामात मिळतात, पण त्याच लिस्टची बेरीज मागू नका, ती कधीच संपत नाही.