किनाऱ्यावर छपराचं काम देताय? ठेकेदार निवडताना या चुका टाळा

एप्रिल उजाडला की माझ्या फोनवर कोटेशनचे फोटो यायला लागतात. "काका, तिघांचे दर आलेत. कोणाला देऊ?" खाली तीन आकडे: १७०, १८५, २१५. स्क्वेअर फुटाचे. मी विचारतो, या १७०मध्ये काय काय धरलंय? पलीकडे जरा शांतता, आणि मग, "सगळं आलं म्हणाला तो."

निसर्ग वादळ ३ जून २०२० रोजी दिवेआगरच्या आसपास किनाऱ्याला लागलं. दापोली-मंडणगडपासून श्रीवर्धन-मुरूडपर्यंत कुणाचं छप्पर, कुणाची सुपारीची बाग, कुणाचं दोन्ही गेलं. वर्ष भरायच्या आत, मे २०२१मध्ये, तौक्ते किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं. एवढं अंगावरून गेल्यावर तरी लोक छपराचा ठेकेदार नीट पारखून घेतील असं मला वाटलं होतं. पण प्रश्न अजून तोच, "रेट काय?" म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. यापुढे कोटेशनचा फोटो आला की उत्तरात हेच जाईल.

दरावर दर ठेवून बघणं

स्क्वेअर फुटाचा दर ही तुलना करायची गोष्टच नाही, कारण तिघांचा स्क्वेअर फूट वेगळा असतो. एक जण खालची जागा मोजतो, दुसरा उतारावरून पत्र्याचं माप धरतो, तिसरा पत्र्यावर पत्रा चढतो तेही बिलात घालतो. आढ्यावरची टोपी आणि पन्हळ एकाच्या दरात असते, दुसऱ्याकडे रनिंग फुटाने वेगळी. काम संपल्यावर स्वस्तवाल्याचं बिल मधल्याच्या वर गेलेलं मी कितीदा तरी पाहिलंय.

मग माल. रंगीत पत्रा "०.५०चा" म्हणून सांगतात. ही ०.५० मिलिमीटर जाडी रंगासकट की नुसत्या पोलादाची, हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. रंग आणि लेप वजा केले तर आतला पत्रा ०.४५च्या आसपास निघतो. दोन्ही आकडे खरे असतात, म्हणून कोटेशनवर कोणता लिहिलाय ते विचारायचं. लेपाचंही तसंच. एझेड १५० म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम अॅल्युमिनियम-जस्ताचा लेप. त्याच रंगाचा, तसाच चकचकीत पत्रा याच्या निम्म्या लेपातही मिळतो. घाटावर तो कदाचित चालून जाईल. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात तो किती टिकतो ते पाहायचं असेल तर बंदरावरच्या कुठल्याही जुन्या शेडच्या वळचणीखाली उभं राहून वर बघा.

पाइपात तर याहून मोठी गंमत. "दोन बाय दोनचा पाइप" म्हणजे १.६ मिलिमीटर जाडीचाही आणि ३ मिलिमीटरचाही. रंग मारल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, वजनात मात्र जवळजवळ दुपटीचा फरक. पाइप किलोवर विकला जातो, तेव्हा १७० आणि २१५ यांतला फरक कुठे गेला हे शोधायला फार डोकं लागत नाही.

माझी पद्धत साधी आहे. ठेकेदाराचं कोटेशन मी घेतच नाही, माझा कागद त्याला देतो. पत्र्याची कंपनी, पोलादाची जाडी, लेप, पाइपाचं माप आणि जाडी, दोन आडव्या पाइपांतलं अंतर, स्क्रू कुठला, माप कशावर धरणार, खांबाचं बूड कसं बसवणार. तिघांनी तोच कागद भरायचा. माल आला की वजनकाट्याची पावती आणि पक्कं बिल. कुणी म्हणतो, "काका, एवढं कोण लिहितं? विश्वास ठेवा." त्याला मी चहा पाजतो आणि निरोप देतो. लोकांना हे कटकटीचं वाटतं. कागद भरून यायला आठवडा जातो, आणि त्यांना काम परवापासून सुरू करायचं असतं. मोबाइल घेताना पंधरा दिवस व्हिडिओ बघणारा माणूस छपराचं काम एका फोनवर देऊन मोकळा होतो, हे मला अजून उलगडलेलं नाही.

खांब कशात रोवलाय हे न विचारणं

वादळात छप्पर घालवायला ही एक चूक पुरते. स्लॅब गळायला लागला की गच्चीवर पत्र्याची शेड टाकायची हा आपल्याकडचा ठरलेला उपाय. चारी बाजू उघड्या, वर मोठा पत्रा. अशी शेड वाऱ्याने खाली दबत नाही, ती वर उचलली जाते.

ढोबळ हिशेब सांगतो. ताशी ११० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ५७ किलो भरतो. वरून ओढ आणि खालून रेटा मिळून उचल तेवढीच धरली, तरी सहाशे फुटांच्या, म्हणजे ५६ चौरस मीटरच्या शेडवर ती तीन टनांच्या पुढे जाते. पत्रा आणि पाइप मिळून शेडचं स्वतःचं वजन टनभरसुद्धा नसतं. उरलेले दोन-अडीच टन खांबांच्या बुडाशी असलेल्या बोल्टांनी धरून ठेवायचे. झोत याहून जोराचा आला, तर कडांना आणि कोपऱ्यांना ओढ आणखी वाढते.

माझ्या आत्तेभावाने निसर्गनंतर गच्चीवर नवी शेड घेतली. तीन कोटेशनं आली, त्यांतलं सर्वांत स्वस्त त्याने घेतलं. पत्रा नावाजलेल्या कंपनीचा, वेल्डिंग सुबक, रंग दोन हात. वास्तविक काम बघण्यासारखं झालं होतं. तौक्तेच्या रात्री ती अख्खी शेड खांबांसकट उठली आणि शेजाऱ्याच्या सुपारीत जाऊन पडली. सकाळी आम्ही बागेत उतरलो तेव्हा बघतो तर एक पत्रा सुटलेला नाही, एक स्क्रू निघालेला नाही, एक जोड तुटलेला नाही. खांबाच्या प्रत्येक बुडाला चौकोनी प्लेट, प्लेटला चार बोल्ट, आणि बोल्टांच्या टोकांना चिकटलेले विटांच्या तुकड्यांचे गड्डे.

गच्चीवर चार-साडेचार इंच कोबा होता, म्हणजे स्लॅबवर घातलेला विटांच्या तुकड्यांचा आणि मसाल्याचा थर, आणि बोल्ट तीन इंची. एकही बोल्ट स्लॅबपर्यंत पोचलाच नव्हता. टनावारी ओढ धरायला विटांचे तुकडे आणि चुनखडीसारखा झालेला मसाला ठेवला होता. ठेकेदाराला बोलावलं तर तो म्हणाला, "दादा, वादळापुढे कोणाचं चालतं?" त्याच गल्लीत पुढे दुसऱ्याची शेड शाबूत उभी होती, ती त्याने पाहिली नसावी.

नंतर मी आत्तेभावाची तिन्ही कोटेशनं मागवून वाचली. सर्वांत महागड्यात एक ओळ होती: "कोबा फोडून स्लॅबवर प्लेट, खांब बीमवर घेणे, केमिकल अँकर, कोबा पुन्हा बुजवून वॉटरप्रूफिंग." केमिकल अँकर म्हणजे भोकात रसायन भरून घट्ट बसवलेला बोल्ट. स्क्वेअर फुटाला पंचेचाळीस रुपये जास्त होते ते याच ओळीचे. आत्तेभावाने ती वाचली होती. त्याला वाटलं, कोबा फोडायचा म्हणजे गळती वाढणार, आणि हा माणूस उगाच काम वाढवतोय.

चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, घराचं गणित थोडं वेगळं, दुखणं तेच. कैची, म्हणजे छपराचा तिकोनी सांगाडा, नुसती भिंतीवर टेकवून बोल्ट वरच्याच थरातल्या चिऱ्यात गाडला, तर छपराला धरून ठेवायला तो एक थर एवढंच वजन. वारा तो चिरासुद्धा घेऊन जातो. भिंतीवर काँक्रीटचा बेल्ट हवा, बेल्टातून वर काढलेल्या सळया किंवा बोल्ट हवेत, आणि तो बेल्ट खाली भिंतीला जागोजाग बांधलेला हवा. ठेकेदाराशी बोलताना मी पत्र्याचं नाव शेवटी काढतो. आधी एवढंच विचारतो, "छप्पर वर ओढलं तर ते कशाला धरून राहणार? बोटाने दाखवा." जो जिना चढून जागा दाखवतो त्याच्याशी पुढे बोलतो. जो खिशातून रंगांचं कार्ड काढतो त्याच्याशी नाही.

बाकीच्या, थोडक्यात

नवं काम बघून ठेकेदार पसंत करणं. मागच्या महिन्यातली शेड सगळ्यांचीच चांगली दिसते. २०२०च्या आधीची दाखवायला सांगा, आणि घरमालकाशी तो समोर नसताना बोला. ठेकेदाराला मी आणखी एक विचारतो, "तुमचं कुठलं छप्पर गेलं?" किनाऱ्यावर इतकी वर्षं काम करून एकही गेलं नाही म्हणणारा खोटं बोलतो किंवा परत जाऊन बघत नाही.

ग्राइंडरने पत्रा कापू देणं. ठिणग्यांनी लेप जळतो, लोखंडाचा कीस पत्र्यावर बसतो आणि पहिल्याच पावसाळ्यात तांबेऱ्यासारखे ठिपके उठतात. कात्री किंवा निबलर (ठिणग्या न उडवता पत्रा कुरतडत कापणारं यंत्र) नसलेल्या ठेकेदाराला छपरावर चढवू नका.

स्क्रू मोजून न घेणं. पत्र्याच्या मध्यभागी एखादा उंचवटा सोडला तर एकवेळ चालेल. वळचणीला, आढ्याला आणि बाजूच्या कडांना प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू हवा, कारण पत्रा सोलायला सुरुवात तिथूनच होते. रबरी वॉशर दबून बाहेर फुगलेला दिसला तर स्क्रू जास्त आवळलाय. तो दोन उन्हाळ्यांत फाटतो, मग लोक त्यावर एम-सील आणि डांबराची पट्टी लावत बसतात. त्या पट्टीइतका माझा राग दुसऱ्या कशावर नाही.

पत्र्यावर चिरे किंवा वाळूच्या गोण्या ठेवणं. वर तीन टनांचा हिशेब दिलाय, त्यात दहा चिरे टाकून बघा. उडालेल्या पत्र्यासोबत चिरा कुणाच्या डोक्यात गेला तर काय, हेही बघा.

गॅरंटीचा कागद न वाचता खूश होणं. समुद्रापासून अमुक अंतराच्या आत ती लागू नाही अशी ओळ बहुतेक कंपन्यांच्या कागदात असते.

मेच्या शेवटच्या आठवड्यात काम देणं. तेव्हा ठेकेदाराच्या डोक्यावर अर्धा डझन घरं आणि मिरग दारात. वेल्डिंगवर रेड ऑक्साइडसुद्धा न लावता वर पत्रा टाकून तो पुढच्या घरी पळतो. छपराचं काम दिवाळीनंतर बोलायचं आणि फेब्रुवारीत संपवायचं.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी ट्रकमधून पत्रे घेऊन आलेल्याला काम देणं. निसर्गनंतर वीज नाही, फोन नाही, पत्र्याला वाट्टेल तो भाव. अशा वेळी घाई समजू शकतो, पण घाईवर ताडपत्री हा उपाय आहे. ताडपत्री बांधा आणि थांबा. त्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा, पंचनामा होऊ द्या. पडलेलं सगळं उचलून जागा साफ करून देणारा ठेकेदार देवमाणूस वाटतो, पण तलाठी आल्यावर दाखवायला काही उरत नाही.

सगळे पैसे आधी देणं. माल उतरल्यावर मालाचे, सांगाडा उभा राहिल्यावर त्याचे, आणि शेवटचे दहा टक्के पहिल्या जोराच्या सरीनंतर. हे आधी कागदावर लिहिलं तर कोणी फारसं वाकड्यात जात नाही.

राहिली जुनी लाकडं आणि कौलं. "उतरवायचे पैसे नकोत, जुना माल आम्ही नेतो," असं जो गोड बोलतो त्याला आधी आढं आणि वासे कशाचे आहेत ते ठाऊक असतं. सागाचा, फणसाचा, शिवणीचा जुना वासा त्याच्या मजुरीच्या कितीतरी पट किमतीला जातो. सुताराला बोलावून आधी किंमत काढा. मंगलोरी कौलं धड असतील तर हजार-पाचशे मागच्या पडवीत रचून ठेवा. गोठा, न्हाणी, विहिरीवरचं छप्पर अजून कौलारू असेल तर तिथे लागतात, आणि वेगळ्या कारखान्याचं नवं कौल जुन्याच्या खाचेत बसत नाही.