'प्रख्यापित' कुठे लिहावं आणि कुठे मुळीच लिहू नये

कायद्याचा मजकूर मराठीत आणणाऱ्या नवख्या अनुवादकांचे कागद माझ्याकडे तपासायला येतात. मूळ इंग्रजीत 'प्रोमल्गेट' आलं की त्यांच्यात दोन तट पडतात. एक तट कोशातला शब्द उचलून 'प्रख्यापित' सगळीकडे ठोकून देतो, अगदी 'त्यांनी आपली मते प्रख्यापित केली' इथपर्यंत. दुसरा तट त्या जोडाक्षरांना बिचकून 'जाहीर केले' लिहून मोकळा होतो. दोघांनाही मी आधी एकच विचारते: हे करणारा कोण, आणि त्याला तो अधिकार दिला कुणी?

कारण प्रख्यापित करणं ही अधिकारपदाची क्रिया आहे. नुसतं लोकांच्या कानावर घालणं म्हणजे प्रख्यापन नव्हे. तसं असतं तर दवंडीवाल्यानेही ते केलं असतं. कायद्याने ज्याला अधिकार दिलाय त्याने तो वापरून कायद्याचं बळ असलेली गोष्ट रीतसर जाहीर करणं, एवढा सगळा अर्थ त्या शब्दात भरलेला आहे. आपल्याकडे हा शब्द मुख्यतः एकाच गोष्टीला चिकटून बसलाय, ती म्हणजे अध्यादेश, अधिवेशन चालू नसताना काढलेला तात्पुरता कायदा. संविधानाच्या अनुच्छेद १२३ खाली राष्ट्रपती आणि अनुच्छेद २१३ खाली राज्यपाल अध्यादेश प्रख्यापित करतात.

शब्द कसा वापरायचा ते शिकायचं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातला कुठलाही मराठी अध्यादेश उघडा आणि फक्त सुरुवात वाचा. आधी 'ज्याअर्थी' येतात: विधानमंडळाच्या दोन्ही सभागृहांचं अधिवेशन चालू नाही, आणि तातडीने कारवाई करणं आवश्यक व्हावं अशी परिस्थिती असल्याबद्दल राज्यपालांची खात्री पटली आहे. मग 'त्याअर्थी' येतो. अनुच्छेद २१३ मधल्या अधिकारांचा उल्लेख होतो, आणि शेवटी राज्यपाल 'याद्वारे, पुढील अध्यादेश प्रख्यापित करीत आहेत'.

इथे तीन गोष्टी बघून ठेवा. कर्ता राज्यपाल आहेत. शासन नाही, मुख्यमंत्री नाहीत. 'याद्वारे' आहे, म्हणजे हा कागदच ते काम करतोय, दुसरीकडे झालेल्या कामाची बातमी देत नाही. आणि काळ चालू वर्तमान आहे. 'प्रख्यापित केला आहे' असं तिथे लिहिलं तर तो अध्यादेश राहत नाही, अध्यादेशाबद्दलचं टिपण होतं. अनुवाद करताना हा 'करीत आहेत' बदलून 'करतात' लिहिणारे भेटतात. तेही नको, 'करतात' म्हटलं की नेहमीची सवय सांगितल्यासारखं वाटतं.

बाहेरून त्याच घटनेबद्दल लिहिताना मात्र भूतकाळ आणि कर्मणी रचना चालते: 'राज्यपालांनी अध्यादेश प्रख्यापित केला' किंवा 'अध्यादेश प्रख्यापित करण्यात आला'. 'केला गेला' मला खटकतं, पण चूक म्हणणार नाही. बातमीत, भाषणात, घरच्या गप्पांत सरळ 'अध्यादेश काढला' म्हणा. उत्तम मराठी आहे ते. याचिका, कायद्याचा अनुवाद, विधेयकासोबतचं निवेदन अशा ठिकाणी 'काढला' चालत नाही, तिथे प्रख्यापित.

आता सगळ्यात जास्त होणारा घोटाळा. आपल्याकडे शासनाचा कुठलाही कागद निघाला की त्याला अध्यादेश म्हणायची रीत पडली आहे. शासन निर्णय, म्हणजे ज्याला सगळे जीआर म्हणतात, तो अध्यादेश नव्हे. तो 'निर्गमित' होतो. अधिसूचना 'काढली' किंवा 'प्रसिद्ध केली' जाते. परिपत्रक 'काढतात' किंवा 'जारी करतात'. यातलं काहीही प्रख्यापित होत नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीचंच बघा. त्या रात्री निघाली ती अधिसूचना. त्या नोटांवरची देणी संपवणारा अध्यादेश राष्ट्रपतींनी प्रख्यापित केला तो डिसेंबर २०१६ च्या अखेरीस. तसंच २६ जानेवारी २०२४ ला 'सगेसोयरे' या व्याख्येबाबत जो कागद हातात आला, ती नियमांच्या मसुद्याची अधिसूचना होती आणि तिच्यावर हरकती मागवल्या होत्या. अध्यादेशावर हरकती मागवत नाहीत, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धे मथळे सुधारतील.

याच ओघात आणखी एक. मंत्रिमंडळाची बैठक संपल्या संपल्या 'मंत्रिमंडळाने अध्यादेश काढला' असं लिहू नये. मंत्रिमंडळ अध्यादेश काढायला मान्यता देतं. राज्यपालांची सही होऊन तो राजपत्रात येईपर्यंत प्रख्यापन झालेलं नसतं, आणि मधल्या काळात फाइल परतही येऊ शकते.

मग अधिनियमांचं काय? भारतात संसदेने केलेल्या कायद्याला आपण प्रख्यापित म्हणत नाही. विधेयक मांडलं जातं, दोन्ही सभागृहांत संमत होतं, राष्ट्रपतींची अनुमती मिळते, राजपत्रात प्रसिद्ध होतं आणि कायदा अंमलात येतो. या एकेका पायरीला वेगळं क्रियापद आहे, ती एकमेकांत मिसळू नका. भारतीय न्याय संहितेला अनुमती मिळाली २५ डिसेंबर २०२३ ला, ती अंमलात आली १ जुलै २०२४ ला. या दोन तारखांच्या मधला गुन्हा कुठल्या कायद्याखाली नोंदवायचा हे त्या क्रियापदावर ठरतं, म्हणून मी एवढी किरकिर करते. संविधानाच्या उद्देशिकेतही बघा, तिथे 'अंगीकृत आणि अधिनियमित करून स्वतःप्रत अर्पण' आहे. प्रख्यापित नाही. लोक स्वतःच स्वतःला संविधान देतायत, वरून कुणी जाहीर करत नाहीये.

परदेशी मजकूर आला की गणित थोडं बदलतं. फ्रान्समध्ये संसदेने अंतिमतः संमत केलेला कायदा सरकारकडे पाठवल्यावर राष्ट्राध्यक्षाने १५ दिवसांत तो प्रख्यापित करायचा असतो, हे त्यांच्या १९५८ च्या राज्यघटनेच्या दहाव्या अनुच्छेदात आहे. तिथे 'अनुमती दिली' असं भारतीय वळण देऊ नका, प्रख्यापितच ठेवा. जपानची राज्यघटना ३ नोव्हेंबर १९४६ ला प्रख्यापित झाली आणि ३ मे १९४७ ला अंमलात आली. दोन्ही दिवशी तिथे सुट्टी असते. दोन्हीकडे 'लागू झाली' असं लिहिलेला एक अनुवाद माझ्याकडे आला होता, आणि त्यात घटना दोनदा लागू झाली होती.

जुन्या काळाबद्दल लिहिताना त्या काळाचे शब्द घ्या. नव्या राजवटीची 'द्वाही फिरते'. १८५८ चा तो व्हिक्टोरिया राणीचा 'जाहीरनामा'. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या, तोही जाहीरनामाच. या वाक्यांना प्रख्यापित चिकटवलं की शिवाजी पार्कात टोपी घालून भाषण करणारा पेशवा दिसायला लागतो.

आता विचारांकडे. इंग्रजीत तेच क्रियापद मतं, तत्त्वं, सिद्धान्त पसरवण्यालाही चालतं. मराठीत चालत नाही, आणि इथे आपली भाषा जास्त नेमकी आहे असं माझं मत आहे. माणसाने त्या विचाराचं नक्की काय केलं ते बघून शब्द निवडायचा. युक्तिवाद करून मांडला असेल तर 'प्रतिपादन केलं'. दुसऱ्याचा विचार उचलून त्याच्या बाजूने उभा राहिला तर 'पुरस्कार केला'. गावोगाव, माणसागणिक पोचवला तर 'प्रसार केला'. मुद्दाम, सतत, लोकांना पटवण्यासाठी राबला तर 'प्रचार'. या शब्दाला निवडणुकांनी थोडा वास लागलाय खरा, पण र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून संततिनियमनाचा जो केला तो प्रचारच होता आणि तसं म्हणण्यात काही कमीपणा नाही. लोकांच्या वागण्यात उतरला तर 'रुजवला'. आणि 'फैलावला' हा अफवांसाठी आणि साथीच्या रोगांसाठी ठेवा. ज्याच्याबद्दल लिहिताय त्याच्यावर राग असेल तरच विचाराला लावा.

एकाच विचाराला दोन टप्प्यांत दोन क्रियापदं लागतात, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. जोतीराव फुल्यांनी विचार मांडला, २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे सत्यशोधक जलशांनी त्याचा खेड्यापाड्यांत प्रसार केला. 'फुल्यांनी प्रसार केला' एवढंच लिहिलं तर मांडणाराच हरवतो. 'प्रवर्तन' हा यातला सगळ्यात वजनदार शब्द, चाक गतिमान करण्याचा. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेमुळे तो प्रत्येकाला माहीत आहे. म्हणूनच एखाद्या चर्चासत्रातल्या निबंधासाठी तो खर्चू नये.

लिहिताना हात घसरतो तो 'प्रस्थापित' कडे. 'अध्यादेश प्रस्थापित केला' हे मी इतक्यांदा खोडलंय की आता लाल शाई आपोआप उठते. ख्या धातू आहे, 'प्रख्यात' मधला. तो आठवला की ख चुकत नाही. नाम 'प्रख्यापन'. 'प्रख्यापना' नको.

तोच अध्यादेश पुन्हापुन्हा काढला असेल तर 'पुन्हा प्रख्यापित केला' असं सुटं लिहा. हा विषय पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या डॉ. डी. सी. वाधवांमुळे सर्वोच्च न्यायालयात गेला. बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश निघाले आणि त्यातले बरेच विधिमंडळापुढे न नेता पुन्हापुन्हा प्रख्यापित करत जिवंत ठेवले, असं त्यांच्या अभ्यासात निघालं. १९८६ च्या निकालात न्यायालयाने ही पद्धत संविधानाशी केलेली लबाडी ठरवली. या प्रकरणाबद्दल लिहिताना 'मुदतवाढ दिली' असं लिहू नका. अध्यादेशाला मुदतवाढ नसते, प्रत्येक वेळी नवा अध्यादेश असतो, आणि वाद नेमका त्यावरच होता.

शेवटही तपासा. अधिवेशन पुन्हा सुरू झाल्यापासून ६ आठवडे संपले आणि त्याच्या जागी अधिनियम आला नाही, तर अध्यादेश 'व्यपगत' होतो. राज्यपालांनी स्वतःहून काढून घेतला तर तो 'मागे घेतला'. न्यायालयाने 'रद्दबातल ठरवला' ही तिसरी गोष्ट. तिन्हींना 'रद्द झाला' लिहिलेला कागद मी न वाचता परत पाठवते.